रवानगीचे कोष्टक : संगणकजालातील एका आज्ञावलीच्या वाचनास आरंभ कसा करावा

१. विषयप्रवेश

इंटरनेटवरून जाणारा मजकूर, मग तो पत्र असो, छायाचित्र असो वा ध्वनी असो, अखंड स्वरूपात प्रवास करीत नाही. त्याचे लहान लहान तुकडे पाडले जातात, प्रत्येक तुकड्यावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता घातला जातो आणि मग तो तुकडा स्वतंत्रपणे मार्गस्थ होतो. अशा तुकड्यास पॅकेट म्हणतात. वाटेत ठिकठिकाणी राउटर नावाची यंत्रे असतात. आलेल्या पॅकेटवरील पत्ता वाचावयाचा आणि ते आपल्या अनेक दारांपैकी कोणत्या दाराने पुढे धाडावयाचे हे ठरवावयाचे, एवढेच या यंत्रांचे मुख्य काम. हा निर्णय ज्या यादीच्या आधारे होतो, तिला प्रस्तुत पुस्तिकेत आपण ‘रवानगीचे कोष्टक’ असे नाव देऊ.

हे कोष्टक म्हणजे कागदावरील तक्ता नव्हे. ते संगणकाच्या स्मृतीत असते आणि त्याची मांडणी, शोध व दुरुस्ती ही सर्व कामे एक आज्ञावली करीत असते. लिनक्स या प्रणालीत ही आज्ञावली सर्वांस वाचावयास खुली आहे. लिनक्सचा आरंभ १९९१ साली लिनुस टॉर्व्हाल्ड्स या हेलसिंकी येथील विद्यार्थ्याने केला. आज घरगुती वापराच्या अनेक राउटरांपासून मोठमोठ्या सेवायंत्रांपर्यंत ती सर्वत्र आढळते. सी या संगणकभाषेची तोंडओळख झालेल्या विद्यार्थ्याने या आज्ञावलीत प्रवेश कसा करावा, कोणत्या क्रमाने वाचावे आणि कोणती सावधगिरी बाळगावी, हे सांगणे हा या पुस्तिकेचा हेतू आहे.

२. पत्त्याचा आरंभीचा भाग

भारतीय टपालखात्याची पिन कोड पद्धती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखण्याचे श्रेय त्या खात्यातील अधिकारी व संस्कृतचे कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांना दिले जाते. या सहा अंकांतील पहिला अंक देशाचा विभाग दाखवितो, पहिले तीन अंक मिळून छाननीचा जिल्हा दाखवितात, आणि उरलेल्या तिहींवरून विशिष्ट टपालकचेरी कळते. म्हणजे कोलकात्यात टपालाची छाननी करणाऱ्या कर्मचाऱ्यास पुण्यातील प्रत्येक कचेरी ठाऊक असण्याचे कारण नाही. पत्त्याचा आरंभीचा भाग पाहिला की त्याचे काम भागते. या आरंभीच्या भागास आपण ‘आद्यांश’ म्हणू.

आता एक बारकावा पाहा. ४० पासून ४४ पर्यंतच्या अंकांनी सुरू होणारे पिन कोड महाराष्ट्राचे आहेत. तथापि ४०३ ने सुरू होणारे गोव्याचे आहेत. ४०३००१ हा पणजीचा पत्ता हाती आला, तर त्याला ‘४०’ हा आद्यांशही जुळतो आणि ‘४०३’ हाही जुळतो. छाननी करणारा अर्थातच दुसऱ्याला मान देतो, कारण तो अधिक नेमका आहे. केरळात हीच गोष्ट आणखी खोलवर गेलेली दिसेल. ६७ ते ६९ हे अंक केरळाचे, त्यांतील ६८२ कोचीचे, आणि त्याही पोटात ६८२५५ ने सुरू होणारे पत्ते लक्षद्वीप बेटांचे आहेत.

इंटरनेटवरील पत्त्यांचा व्यवहार याच तत्त्वावर चालतो. १९८१ साली निश्चित झालेल्या चौथ्या आवृत्तीच्या नियमांनुसार पत्ता ३२ बिटांचा असतो. बिट म्हणजे शून्य किंवा एक. वाचावयास सोपे जावे म्हणून या ३२ बिटांचे चार समान गट करून प्रत्येक गट ० ते २५५ या दरम्यानच्या संख्येने लिहितात, जसे १०.१.२.५. आद्यांश किती बिटांचा आहे हे तिरप्या रेघेनंतर लिहावयाची रीत आहे. १०.१.०.०/१६ याचा अर्थ, ज्या पत्त्यांचे पहिले सोळा बिट १०.१ असे आहेत ते सर्व पत्ते. पूर्वी आद्यांशाची लांबी आठ, सोळा वा चोवीस बिट अशी ठरावीक असे. १९९३ साली हे बंधन काढून टाकण्यात आले व आद्यांश कोणत्याही लांबीचा असू शकेल असे ठरले. पत्त्यांची उधळपट्टी त्यामुळे थांबली. परंतु शोधाचे काम मात्र अवघड झाले. त्या अवघडपणातूनच आपली आज्ञावली जन्मास आली आहे.

३. एकच नियम

समजा, एका राउटरच्या कोष्टकात पुढील चार नोंदी आहेत.

०.०.०.०/० : दार पहिले
१०.०.०.०/८ : दार दुसरे
१०.१.०.०/१६ : दार तिसरे
१०.१.२.०/२४ : दार चौथे

पहिल्या नोंदीत आद्यांशाची लांबी शून्य आहे; म्हणजे ती प्रत्येक पत्त्यास जुळते. अन्य कोठेही ठाव न लागणाऱ्या पॅकेटांसाठी ती ठेवलेली असते. आता १०.१.२.५ या पत्त्याचे पॅकेट आले, तर त्यास चारही नोंदी जुळतात. अशा वेळी नियम असा, की जुळणाऱ्या नोंदींपैकी ज्या नोंदीचा आद्यांश सर्वांत लांब तिची निवड करावी. म्हणून हे पॅकेट चौथ्या दाराने जाईल. १०.२००.१.१ या पत्त्याचे पॅकेट दुसऱ्या दाराने जाईल. १०.१.३.४ याचे काय होईल? दोन ही संख्या आठ बिटांत ००००००१० अशी लिहितात व तीन ही ००००००११ अशी. म्हणजे पहिले तेवीस बिट चौथ्या नोंदीशी जुळले, परंतु चोविसावा बिट जुळला नाही. सबब चौथी नोंद बाद होऊन हे पॅकेट तिसऱ्या दाराने जाईल. हे उदाहरण वाचकाने ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

या साध्या नियमाचे सामर्थ्य केवढे आहे, हे २४ फेब्रुवारी २००८ रोजी जगाला दिसले. पाकिस्तानात यूट्यूब हे संकेतस्थळ बंद करण्याचा आदेश निघाला होता. तो अमलात आणताना पाकिस्तान टेलिकॉम या संस्थेने यूट्यूबच्या पत्त्यांतील २०८.६५.१५३.०/२४ हा आद्यांश आपल्याकडे असल्याचे जाहीर केले आणि ही घोषणा देशाबाहेर पसरली. यूट्यूबची स्वतःची घोषणा २०८.६५.१५२.०/२२ अशी, म्हणजे दोन बिटांनी आखूड होती. जगभरच्या राउटरांनी नियमाप्रमाणे लांब आद्यांश निवडला आणि यूट्यूबकडे जाणारी पॅकेटे भलत्याच दिशेस वाहू लागली. सुमारे सव्वादोन तासांनंतर ती चुकीची घोषणा मागे घेतली गेली. मधल्या काळात यूट्यूबने स्वसंरक्षणार्थ पंचवीस बिटांच्या दोन नोंदी जाहीर केल्या होत्या. कारण चोवीस बिटांवर मात करावयाची तर पंचवीस बिटच हवेत. येथे कोणत्याही कोष्टकाने चूक केली नव्हती. कोष्टक आज्ञाधारक असते. त्याला खरेखोटे कळत नाही. हे ज्याच्या मनावर ठसले, तोच ही आज्ञावली योग्य त्या गांभीर्याने वाचू शकेल.

४. वेळेचा हिशेब

राउटरमध्ये वस्तुतः दोन कोष्टके नांदत असतात. शेजारच्या राउटरांकडून जे जे मार्ग कळतात, ते सर्व एका मोठ्या मार्गसंग्रहात नोंदले जातात. त्यांची तुलना करून निवडलेले मार्ग तेवढे दुसऱ्या कोष्टकात उतरविले जातात. हे दुसरे ते रवानगीचे कोष्टक. मार्ग निवडण्याच्या कामास काही सेकंद लागले तरी चालतात. रवानगीच्या कामास मात्र क्षणाचीही उसंत नसते.

ती किती नसते, हे आकडे सांगतील. दर सेकंदास दहा अब्ज बिट वाहून नेणारी जोडणी घ्या. तिच्यावरून अगदी लहान पॅकेटे लागोपाठ आली, तर दर सेकंदास सुमारे १ कोटी ४८ लाख पॅकेटे येऊ शकतात. म्हणजे एका पॅकेटाच्या वाट्यास सुमारे ६७ नॅनोसेकंद येतात. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. दुसरीकडे, जगातील सर्व मार्गांची माहिती बाळगणाऱ्या राउटरच्या कोष्टकात आज चौथ्या आवृत्तीच्या नऊ लाखांहून अधिक नोंदी असतात. एकेक नोंद एकेका नॅनोसेकंदात तपासली, असे गृहीत धरले तरी संपूर्ण यादी चाळण्यास नऊ लाख नॅनोसेकंद लागतील, आणि तेवढ्या अवधीत मागे तेरा हजारांहून अधिक पॅकेटांची रांग लागेल. तात्पर्य, यादी ओळीने चाळणे येथे अशक्य आहे. नोंदींची मांडणीच अशी हवी, की थोड्याच पावलांत उत्तर मिळावे.

५. बिटांचा वृक्ष

ही मांडणी वृक्षाची आहे. पत्त्याचा पहिला बिट शून्य असेल तर डावीकडे वळावे, एक असेल तर उजवीकडे. मग दुसरा बिट पाहावा, मग तिसरा. ज्या ठिकाणी वाट फुटते त्यास आपण ‘पेर’ म्हणू आणि जेथे नोंद ठेवलेली असते त्यास ‘पान’ म्हणू. अशा वृक्षास एडवर्ड फ्रेडकिन यांनी १९६० साली ‘ट्राय’ हे नाव दिले. शोधून परत आणणे या अर्थाच्या ‘रिट्रीव्हल’ या इंग्रजी शब्दाच्या मधल्या अक्षरांपासून ते बनले आहे.

या वृक्षात दोन सुधारणा झाल्या. पहिली अशी, की ज्या पट्ट्यात वाट फुटतच नाही, तेथे एकेक बिट तपासत बसण्याऐवजी थेट पुढच्या फाट्यावर उडी घ्यावी. डोनाल्ड मॉरिसन यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेली पद्धत या विचारावर उभी आहे. दुसरी सुधारणा याच्या उलट टोकाची आहे. जेथे फांद्यांची दाटी असते, तेथे एका पेरातून दोनच वाटा न काढता चार, आठ, सोळा अशा वाटा काढाव्या, म्हणजे एका पावलात अनेक बिट ओलांडता येतात. या दोन्ही सुधारणा एकत्र करून इंटरनेटचे पत्ते कसे शोधावे, हे स्टेफान निल्सन व गुन्नार कार्लसन यांनी १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखविले. त्याच्या आधारे स्वीडनमधील उप्साला येथील रॉबर्ट ऊल्सन व त्यांचे सहकारी यांनी लिनक्ससाठी आज्ञावली लिहिली आणि २००५ साली ती लिनक्समध्ये समाविष्ट झाली. त्यापूर्वीची निराळ्या तत्त्वावरील मांडणी २०११ साली काढून टाकण्यात आली.

६. वाचनाचा क्रम

लिनक्सच्या मूळ आज्ञावलीत ‘नेट’ नावाचा विभाग आहे व त्यात ‘आयपीव्ही४’ नावाचा उपविभाग आहे. तेथे ‘फिब_ट्राय’ या नावाची सी भाषेतील फाइल आढळते. ‘फिब’ हे रवानगी-माहितीच्या संग्रहाचे आद्याक्षरी नाव होय. ही फाइल काही हजार ओळींची आहे. नवशिका वाचक बहुधा पहिल्या ओळीपासून आरंभ करतो आणि शंभराव्या ओळीपर्यंत पोचण्यापूर्वीच थकतो. आज्ञावली ही कादंबरीप्रमाणे वाचावयाची वस्तू नव्हे. तिच्याकडे एक प्रश्न घेऊन जावे आणि त्याच्या उत्तरापर्यंतची वाट तेवढी चालावी. यासाठी पुढील क्रम सोयीचा आहे.

प्रथम, लिनक्सबरोबरच येणाऱ्या माहितीपत्रांपैकी ‘फिब_ट्राय’ या नावाचे छोटे टिपण वाचावे. त्यात वापरलेल्या संज्ञांचा अर्थ दिलेला आहे.

दुसरे, ‘की_व्हेक्टर’ ही रचना पाहावी. पेर आणि पान ही दोन्ही याच रचनेने दर्शविली जातात. तिच्यातील ‘पॉस’ हा आकडा कोणत्या बिटापाशी वाट फुटते ते सांगतो, व ‘बिट्स’ हा आकडा किती बिट एकदम वाचावयाचे ते सांगतो. ‘बिट्स’ तीन असेल तर त्या पेरातून आठ वाटा निघतात; शून्य असेल तर ते पान होय. हे दोन आकडे कागदावर चित्र काढून समजून घेतल्यावाचून पुढे जाऊ नये.

तिसरे, ‘फिब_टेबल_लुकअप’ हा भाग वाचावा. संपूर्ण फाइलचे हृदय येथे आहे. त्याचे तीन टप्पे असून ते टिपांनी वेगळे केलेले आहेत. आपले मघाचे उदाहरण, म्हणजे १०.१.३.४ हा पत्ता, घेऊन यातून चालत जावे. उड्या घेत खाली उतरताना पत्त्यातील काही बिट तपासायचे राहून गेलेले असतात. त्यामुळे शोध १०.१.२.० या पानापाशी येऊन पोचतो. तेथे संपूर्ण तुलना केल्यावर चोविसावा बिट जुळत नाही असे आढळते. मग शोध मागे फिरतो, शेजारच्या आखूड आद्यांशाच्या पानाकडे, म्हणजे १०.१.०.० कडे जातो, आणि तेथे सोळा बिटांची नोंद जुळते. हे मागे फिरणे ज्याला समजले, त्याला अर्धी आज्ञावली समजली असे म्हणावयास हरकत नाही.

चौथे, ‘फिब_टेबल_इन्सर्ट’ व ‘रिसाइझ’ हे भाग घ्यावेत. नोंदी वाढल्या की पेर रुंद केले जाते आणि कमी झाल्या की अरुंद केले जाते. दुप्पट केल्यावर निदान निम्म्या वाटा भरलेल्या राहतील तरच पेर दुप्पट करावे, आणि पावभागाहून कमी वाटा भरलेल्या असतील तर ते निम्मे करावे, असा सर्वसाधारण नियम आहे; मुळाशी असलेल्या पेरास मात्र निराळी प्रमाणे लावली आहेत. दोन मर्यादांत हे अंतर का राखले, याचा वाचकाने स्वतः विचार करावा. दोन्ही मर्यादा एकच असत्या, तर एखादी नोंद आली की पेर रुंद होणार, गेली की अरुंद होणार, आणि यंत्राचा वेळ या उघडझापीतच खर्ची पडणार.

पाचवी गोष्ट सर्वांत कठीण आहे. कोष्टकात बदल चालू असतानाही शोध थांबत नाही. शोध घेणारा कोणतेही कुलूप लावीत नाही. बदल करणारा नवे पेर बाजूला तयार करतो, एका पावलात ते जुन्याच्या जागी जोडतो, आणि जुन्या पेरावर असलेले सर्व शोध पार पडल्यावरच ते मोडीत काढतो. जुने पेर घाईने मोडले, तर एखादा शोध नाहीशा झालेल्या फांदीवर उभा राहील आणि सारी प्रणालीच कोसळू शकेल. म्हणून हा भाग समजेपर्यंत त्यास हात लावू नये.

७. प्रयोग

वाचनास प्रयोगाची जोड हवी. लिनक्समध्ये ‘नेटवर्क नेमस्पेस’ नावाची सोय आहे. तिच्यामुळे त्याच यंत्रात एक स्वतंत्र, रिकामे संगणकजाल उभे करता येते. तेथे काहीही बिघडले तरी बाहेरच्या व्यवहारास धक्का लागत नाही. अशा जागेत कल्पित जोडण्या निर्माण करून तिसऱ्या प्रकरणातील चार नोंदी भराव्या. मग ‘आयपी रूट गेट’ या आज्ञेपुढे एकेक पत्ता देऊन कोणते दार निवडले जाते ते पाहावे. आज्ञा अर्थातच रोमन अक्षरांत टंकावी लागते. ‘प्रॉक’ या निर्देशिकेतील ‘नेट’ या भागात ‘फिब_ट्राय’ नावाची नोंदवही आहे. ती उघडली असता प्रत्यक्ष वृक्षच ओळींच्या रूपाने समोर येतो. शेजारची ‘फिब_ट्रायस्टॅट’ ही नोंदवही वृक्षाची सरासरी खोली व पानांची संख्या सांगते.

यानंतर १०.१.२.० ची नोंद काढून टाकावी आणि १०.१.२.५ हा पत्ता पुन्हा विचारावा. उत्तर चौथ्या दाराऐवजी तिसरे येईल. प्रत्येक प्रयोगापूर्वी आपले भाकीत कागदावर लिहून ठेवण्याची सवय लावावी. भाकीत चुकले, तर आपल्या समजुतीत कोठे उणीव आहे ते तत्काळ कळते.

८. पहिली दुरुस्ती

वाचन व प्रयोग यांच्या अंती वाचकास काही सुधारणा सुचेल. ती प्रथम लहान असावी. टिपेतील जुनी झालेली संज्ञा बदलणे किंवा तपासणीत एखादे राहून गेलेले उदाहरण घालणे, हेही मोलाचे काम आहे. लिनक्सबरोबर ‘सेल्फटेस्ट’ नावाच्या तपासण्या येतात व त्यांत रवानगीच्या कोष्टकासाठीही तपासण्या आहेत. बदलापूर्वी त्या एकदा चालवाव्या आणि बदलानंतर पुन्हा चालवाव्या. बदललेली प्रणाली प्रथम आभासी यंत्रात चालवून पाहावी. नेहमीच्या वापरातील यंत्रावर तिचा प्रयोग करू नये.

एका दुरुस्तीत एकच बदल असावा. सोबतच्या निवेदनात काय बदलले यापेक्षा का बदलले हे अधिक स्पष्ट लिहावे. काय बदलले ते ओळींवरून दिसतेच. वेगात सुधारणा झाली असा दावा असेल, तर मोजमापे दिली पाहिजेत. शेवटी आपले नाव घालून, हे लेखन देण्याचा आपणास अधिकार आहे अशी ग्वाही द्यावी लागते. मग ते त्या विभागाची देखरेख करणाऱ्यांकडे ई-मेलने पाठवितात. कोणाकडे पाठवावे हे सांगणारी आज्ञावलीही लिनक्ससोबतच असते. ते शंका विचारतील, दोष दाखवतील, पुन्हा लिहावयास सांगतील. त्याचा विषाद मानू नये. अनेक डोळ्यांखालून गेल्यावाचून येथे कोणतीही ओळ कायम होत नाही, हीच या पद्धतीची शक्ती आहे.

९. समारोप

१२ ऑगस्ट २०१४ रोजी जगातील मार्गांची संख्या वाढत वाढत पाच लाख बारा हजारांच्या आसपास पोचली आणि त्याच दिवशी काही हजार जादा मार्ग अकस्मात जाहीर झाले. अनेक जुन्या राउटरांतील रवानगीच्या कोष्टकास ५,२४,२८८ नोंदींपुरतीच जागा राखलेली होती. ती मर्यादा ठरविताना ती पुष्कळ वाटली असेल. त्या दिवशी मात्र ती अपुरी पडली आणि ठिकठिकाणी इंटरनेटचा व्यवहार मंदावला वा खंडित झाला.

आज्ञावलीत लिहिलेला एखादा आकडा लिहिणाऱ्याच्या दृष्टीने क्षुल्लक असतो. परंतु वर्षानुवर्षांनी त्याचा परिणाम लिहिणाऱ्यास न पाहिलेल्या, न भेटलेल्या माणसांना भोगावा लागतो. रवानगीचे कोष्टक स्वतः विचार करीत नाही. जी नोंद दिली ती ते पाळते, जी मर्यादा घातली तिच्यापाशी ते थांबते. विचार करण्याचे काम लिहिणाऱ्याचे व वाचणाऱ्याचे आहे. आणि वाचणाऱ्यांची संख्या वाढली, तर चूक वेळीच दृष्टीस पडण्याची शक्यताही वाढते. शाळेतील वा ग्रंथालयातील एखाद्या साध्या संगणकावर चार नोंदींचे कोष्टक मांडून, हाती पेन्सिल घेऊन, या वाचकांत सामील होण्यास कोणासही मज्जाव नाही.